मनाचे दुखणे : पाली ते रत्नागिरी

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना हातखंब्यानंतर पाली हे बाजाराचे गाव लागते. लक्ष्मीपल्लीनाथाच्या देवस्थानामुळे ते दूरदूरच्या कुळांना परिचित आहे. येथून रत्नागिरी शहर वीस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे एस.टी.ने फार तर एका तासाच्या वाटेवर आहे. या शहरात 1886 सालापासून मनोरुग्णालय आहे. नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी ते आकाराने सर्वांत लहान होय.

इतकी जुनी संस्था इतक्या जवळ असता या परिसरातील माणसाने मनाच्या उपचारांविषयी निःसंकोच असावयास हवे होते. प्रत्यक्षात उलट घडले. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' ही वाक्ये मराठीत थट्टेची होऊन बसली आणि कोकणात त्या जागी रत्नागिरीचे नाव आले. त्यामुळे जो भ्रमिष्ट झाला आहे त्याला कुटुंबीय नाइलाजाने तेथे नेतात. परंतु महिनाभर ज्याला झोप नाही, ज्याचे कशात मन रमत नाही, तो मात्र त्या वाटेला जात नाही. आपण त्यांतले नव्हे, हे त्याला स्वतःला आणि शेजाऱ्यांना पटवून द्यावयाचे असते.

या भीतीला इतिहास आहे. 1858 व 1912 च्या कायद्यांचा रोख उपचारांपेक्षा बंदोबस्तावर अधिक होता. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने माणूस आत जाई. 1987 च्या कायद्याने 'वेडा' हा शब्द काढून टाकला, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो 2018 मध्ये अमलात आला, उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास या कायद्याने मनाई केली आहे. रुग्णाविषयीची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. हे शेवटचे कलम पोलीस पाटील व सरपंच यांनी अवश्य लक्षात ठेवावे. अजूनही अशा प्रसंगी घरचे लोक आधी गुन्ह्याच्या भीतीने गोष्ट दडपतात व उपचारांचा मोलाचा वेळ जातो.

आता रोजच्या दुखण्याकडे वळू. या भागातील अनेक घरांचे निम्मे आयुष्य मुंबईत आहे. गणपतीला व शिमग्याला घर भरते. एरवी वृद्ध आईवडील, एखादी सून, आणि आजीआजोबांपाशी ठेवलेली नातवंडे एवढीच वस्ती उरते. आंब्यावर वर्षाची भिस्त असलेल्या घरात मोहोराच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की कर्जाचा हिशेब मनात रात्रभर फिरत राहतो. अशी माणसे डॉक्टरांकडे जातात, पण तक्रार सांगतात शरीराची : छातीत धडधडते, डोके जड होते, अन्न गोड लागत नाही. यात लबाडी नसते. मनाची व्यथा शरीराच्या वाटेने बाहेर येते. 'जीव घाबरा होणे', 'जीव खालीवर होणे', 'मन उडणे' असे शब्द आपल्या भाषेत मुबलक आहेत. उणीव आहे ती हे शब्द ऐकून पुढचा प्रश्न विचारणाऱ्याची.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी बाजारात जाणे सोडले. पुढे वर्तमानपत्र उघडेनासे झाले. आम्ही मुलांनी 'वय झाले' असे म्हटले आणि शक्तीचे टॉनिक आणून दिले. माहिती खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला हे लिहिताना संकोच वाटतो. दीड वर्षानंतर एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने रक्तदाब तपासता तपासता त्यांना विचारले, "बाबा, पहाटे जाग किती वाजता येते?" वडील म्हणाले, "तीनला. मग उजाडेपर्यंत वाटते, आपण कशाला उरलो." हे वाक्य आमच्या घरात तोपर्यंत कोणी ऐकले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

दुःख, काळजी, चिडचीड हे आयुष्याचे भागच आहेत; प्रत्येक उदास दिवसाला आजार म्हणू नये. मात्र उदासी वा निरुत्साह सलग दोन आठवडे बहुतेक दिवसभर टिकला, झोप व भूक बिघडली, नित्याची कामे होईनाशी झाली, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे निघाल्यास मात्र दोन आठवडे थांबू नये. तसा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. शांतपणे विचारले असता माणसाला मोकळे वाटते. घरातील कीटकनाशके त्याच दिवशी कुलपात ठेवावीत.

पहिली पायरी मनोरुग्णालयाची असावीच लागते असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथम तपासणी व्हावी. रक्तक्षय वा थायरॉइडच्या विकारानेही अशीच मरगळ येते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि 1996 पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यात आला, तो याच हेतूने. ऑक्टोबर 2022 पासून 'टेलिमानस' या सेवेचा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. तेथे अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. ज्याला एस.टी.त ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती वाटते, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. काही वेळा समुपदेशन पुरते, काही वेळा औषधे लागतात. उदासीनतेवरील औषधांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागताच ती मनाने बंद करणे धोक्याचे असते. अर्धवट सोडलेल्या उपचारांमुळेच 'औषधांनी काही होत नाही' हा प्रवाद गावोगाव पसरला आहे.

देवासमोर गाऱ्हाणे घालणे वा कौल लावणे यांच्याशी येथे भांडण नाही. दुःख चारचौघांत मोठ्याने मांडले जाते, यानेही मन हलके होते. परंतु अंगात भूत आहे म्हणून कोणास मारहाण झाली, तर तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तेथे ग्रामपंचायत सदस्याने गप्प राहणे योग्य नव्हे.

शिक्षकांचे काम याहून नाजूक आहे. वर्गात अचानक अबोल झालेले, वारंवार पोटदुखी सांगणारे मूल अनेकदा मुंबईच्या आईवडिलांसाठी झुरत असते. त्याला सर्वांदेखत कारण विचारू नये. मधल्या सुट्टीत खडू आणावयास सोबत न्यावे आणि बोलू द्यावे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर सुविचारांसाठी जागा असतेच. तेथे 14416 हा आकडाही रंगवून घेता येईल.

वडिलांचे औषध सुरू होऊन सहावा आठवडा चालला होता. एका सकाळी त्यांनी पिशवी मागितली. बाजारात बांगडा आला आहे का, ते पाहून येतो म्हणाले.