लहान मुलांना प्रभूचे पुनरुत्थान शिकवताना



पास्काचा सण होऊन आठवडा झाला. घरातली ईस्टरची अंडी संपली असतील, नवे कपडे पुन्हा कपाटात गेले असतील. पण ख्रिस्तसभेच्या उपासनेत सण अजून संपलेला नाही. प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा असतो आणि पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा, थेट पेंटेकॉस्टपर्यंत. चाळीस दिवस आपण मुलांना चॉकलेट सोडायला लावतो, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला आणतो, आणि पन्नास दिवसांचा आनंद मात्र एका सकाळीच उरकून टाकतो. म्हणून आज, पुनरुत्थानकाळातील दुसऱ्या रविवारी, धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक या नात्याने आम्ही आपल्याशी थोडे बोलणार आहोत. घरातील चार ते आठ वर्षांच्या मुलांना प्रभूचे पुनरुत्थान कसे सांगावे, हा विषय आहे. आम्ही स्वतः तो चुका करत करत शिकलो, तेव्हा सुरुवात चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी पास्कानंतरच्या वर्गात आम्ही नेहमीप्रमाणे कथा सांगितली. येशू क्रूसावर मरण पावला, त्याला कबरेत ठेवले, तिसऱ्या दिवशी तो उठला. मुलांनी आल्लेलुया म्हटले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे आजोबा त्याच प्रायश्चित्तकाळात वारले होते. तो म्हणाला, "टीचर, येशू तीन दिवसांनी उठला. माझे आजोबा कधी उठणार? त्यांना तर खूप दिवस झाले."

आम्ही गडबडलो. मुलाला रडू येऊ नये एवढेच त्या क्षणी सुचले. आम्ही म्हणालो, "बाळा, आजोबा देवाच्या घरी शांत झोपलेत." पुढच्या रविवारी त्याची आई वर्गाबाहेर थांबली होती. मुलगा आठवडाभर झोपायला तयार नव्हता. आईलाही झोपू देत नव्हता, आणि दुपारी पप्पांचा डोळा लागला की त्यांना हलवून उठवत होता.

त्यात मुलाचे काहीच चुकले नव्हते. आम्ही जे सांगितले ते त्याने खरे मानले होते. 'निद्रिस्त झाला' हा शब्द संत पौलही वापरतो, अंत्यविधीच्या प्रार्थनेत आपणही वापरतो. मोठ्यांना त्यातली आशा कळते. पाच वर्षांच्या मुलाला झोप म्हणजे झोप. तसेच 'देवाला आवडले म्हणून त्याने नेले' हे वाक्य. ते ऐकून मूल विचार करते की देवाला उद्या मम्मी आवडली तर? ही दोन्ही वाक्ये आम्ही तेव्हापासून वर्गातून काढून टाकली आहेत, आणि आपणही घरातून काढावीत असे आम्हाला मनापासून वाटते.

आमची पहिली सूचना यातूनच निघते. मुलांना मरण हा शब्द स्पष्टपणे सांगावा. येशू खरोखर मेला. त्याचा श्वास थांबला, हृदय थांबले, त्याच्या आईने ते पाहिले. अनेक पालक गुड फ्रायडे मुलांना नको म्हणून टाळतात आणि थेट रविवारी आणतात. अशा मुलाला पुनरुत्थान कळणार कसे? जो मेलाच नाही तो उठला यात नवल काय! पण याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे: रक्त, खिळे, चाबूक यांची वर्णने करून मुलाला तेथेच सोडून देऊ नये. रोममध्ये सोफिया कॅव्हालेत्ती (१९१७–२०११) यांनी जियाना गोब्बी यांच्यासह १९५४ पासून लहान मुलांना धर्मशिक्षण देण्याची एक पद्धत विकसित केली. मारिया माँटेसरींच्या शिक्षणविचारावर ती उभी आहे. या पद्धतीत प्रभूचे मरण आणि पुनरुत्थान एका दमात सांगतात, एकाशिवाय दुसरे नाही. आम्हीही आता तसेच करतो. गुड फ्रायडेची गोष्ट सांगितली तर रविवारची सांगितल्याशिवाय वर्ग सोडत नाही, मग घंटा होवो न होवो.

दुसरी चूक नाटकाची. पूर्वी आमच्या ईस्टरच्या कार्यक्रमात पुठ्ठ्याची कबर असायची. धूर सोडला जाई, मोठा आवाज होई, शिपाई कोसळत आणि पांढऱ्या झग्यातला येशू हात वर करून बाहेर उडी घेई. टाळ्यांचा कडकडाट! एका वर्षी नाटक झाल्यावर एका मुलीने विचारले, "मग येशूने त्या शिपायांना मारलं का?" दूरदर्शनवर शक्तिमान चालू होता तो काळ. मुलांच्या डोळ्यांसमोर तोच उभा राहिला असणार.

त्या मुलीच्या प्रश्नाने आम्हाला शुभवर्तमान पुन्हा उघडायला लावले. प्रभू कबरेतून बाहेर पडताना कोणी पाहिल्याचे चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (१९९२, परिच्छेद ६४७) हेच सांगितले आहे. स्त्रिया पहाटे गेल्या तेव्हा धोंडा आधीच बाजूला झालेला होता. आणि उठलेला प्रभू पिलाताकडे गेला नाही, कयफाकडे गेला नाही, कोणाचाही सूड घेतला नाही. तो गेला रडणाऱ्या मग्दालीया मरियाकडे आणि दारे बंद करून बसलेल्या शिष्यांकडे. हे शिष्य तर त्याला सोडून पळालेले! तरी त्याने पहिल्यांदा दिली ती शांती. आजच्या शुभवर्तमानात आपण हेच ऐकले. तेव्हापासून आमच्या नाटकात कबरेतून कोणी बाहेर येत नाही. मुली कबरेपाशी जातात, आत डोकावतात, आणि कबर रिकामी असते. टाळ्या कमी पडतात, हे खरे आहे. काही पालकांना ते आवडलेही नाही.

आता जरा कठीण भाग. पुष्कळ मोठ्या माणसांनाही पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत झाला एवढेच वाटते. तसे असते तर लाझरस आणि येशू यांच्यात फरक काय राहिला? लाझरस, याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा हे तिघे पुन्हा याच जीवनात आले, आणि पुढे आपल्या वेळी पुन्हा मेले. येशू मात्र पुन्हा न मरण्यासाठी उठला. धर्मशिक्षण ग्रंथात हा फरक स्पष्ट केलेला आहे (परिच्छेद ६४६).

मुलांना हे शब्दांनी कळत नाही, पण कपड्यांनी कळते! आम्ही एका मुलाला जुन्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळतो. तो लाझरस. चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला तेव्हा हातपाय बांधलेले होते, आणि दुसऱ्यांनी त्याला सोडवावे लागले. मुले धावत येऊन पट्ट्या सोडतात, हसतात. मग आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय सांगतो. पेत्र आत गेला तेव्हा तागाची वस्त्रे तेथेच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. आम्ही विचारतो, येशूने ती वस्त्रे मागे का ठेवली? एकदा एक लहान मुलगी म्हणाली, "त्याला परत लागणार नाहीत म्हणून." सहा वर्षांच्या मुलीचे हे उत्तर ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहातच राहिलो.

पण येशू भूत नव्हता, हेही मुलांना सांगावे लागते, कारण भुताची भीती आपल्याकडे घरोघर आहे. येथे समुद्रकाठच्या मुलांचे ज्ञान कामी येते. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तर शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परततात, आणि पहाटे किनाऱ्यावर प्रभू कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवून त्यांची वाट पाहत असतो. जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात आणि जाळे फाटत नाही. ज्यांच्या घरी होडी आहे त्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. रात्री काही न मिळणे म्हणजे काय, ते त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. वाडीतल्या मुलांना मग्दालीया मरियाची गोष्ट आवडते, कारण तिला प्रभू आधी माळी वाटला, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळख पटली. या प्रसंगी मुलांना त्यांच्या घरच्या लाडक्या नावाने हाक मारून पाहा.

आणि हातांवरच्या जखमा. उठलेल्या प्रभूच्या अंगावर त्या राहिल्या. थॉमसने त्याच पाहिल्या. मुले विचारतात, देवाने त्या बऱ्या का केल्या नाहीत? आम्ही सांगतो की आता त्या दुखत नाहीत, पण त्यांवरून कळते की हा तोच येशू आहे, ज्याने आपल्यावर एवढे प्रेम केले.

आणखी एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. मुले बोटांवर मोजतात: शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ, हे तर दोन दिवसही भरत नाहीत! त्यांना रागावू नये, हिशेब बरोबर आहे. यहुदी लोक दिवसाचा थोडा भागही एक दिवस धरत, आणि त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होई. म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन. आपला पास्काचा जागरणविधी शनिवारी रात्री होतो, तोही याच मोजणीने रविवारचाच असतो.

हाताने करण्याच्या गोष्टींत आम्ही फार खर्च करत नाही. मातीची छोटी कबर आणि तिच्या तोंडाशी एक गोल दगड पुरतो. मुलाला तो स्वतः बाजूला सारू द्यावा आणि आपण गप्प राहावे. हे गप्प राहणेच आम्हा शिक्षकांना सर्वांत जड जाते. सुरवंट आणि फुलपाखराचे उदाहरण मात्र आम्ही सोडून दिले. चित्र सुंदर होते, पण सुरवंट काही मरत नाही. तो आपल्या स्वभावानेच फुलपाखरू होतो. पुनरुत्थान आपोआप झाले नाही, ते पित्याच्या सामर्थ्याने झाले. बियाण्याचे उदाहरण ठेवले आहे, कारण ते प्रभूने स्वतः गव्हाच्या दाण्यावरून दिले आणि संत पौलानेही दिले. करवंटीत मातीखाली वालाचा दाणा पुरावा आणि मुलाला रोज पाणी घालू द्यावे. चार-पाच दिवसांनी मुलाने उकरून पाहिले तर पाहू द्यावे. थॉमसनेही पाहिलेच होते!

आता त्या मुलाकडे परत जाऊ. त्याच्या आईबरोबर बसून आम्ही त्याला पुन्हा सांगितले. आजोबा झोपलेले नाहीत. ते मरण पावले आहेत, आणि मरण झोपेसारखे नसते, म्हणून रात्री झोपायला घाबरू नकोस. ते पूर्वीसारखे घरी येणार नाहीत, याचे आम्हालाही वाईट वाटते. मग आम्ही त्याला विचारले की, शेतात भात पिकते तेव्हा सगळी कणसे एकाच दिवशी तयार होतात का? तो म्हणाला, नाही. नव्या भाताची पहिली कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणण्याची आपली जुनी रीत त्याला ठाऊक होती. संत पौल म्हणतो की येशू हा असाच पहिला आहे, प्रथमफळ आहे. पहिले कणीस आले म्हणजे बाकीचे पीकही येणार. आजोबा येशूच्या हातात आहेत आणि देव त्यांनाही उठवील, तुला-मलाही. कधी, ते येशूने सांगितलेले नाही. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आजोबा मला ओळखतील ना?" आम्ही म्हणालो, "मग्दालीया मरियाला येशूने कशी हाक मारली, आठवते?"

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ च्या 'कातेकेसी त्रादेन्दे' या पत्रात लिहिले आहे की कुटुंबातले धर्मशिक्षण इतर सर्व धर्मशिक्षणाच्या आधी येते, त्याच्या सोबत चालते आणि त्याला समृद्ध करते. आठवड्याचे तास १६८, त्यांतला आमच्याकडे एक. असे प्रश्न मुले बहुधा वर्गात विचारतही नाहीत. ती विचारतात रात्री दिवा मालवल्यावर, किंवा दफनभूमीवरून जाताना. त्या वेळी 'फादरना विचार' किंवा 'मोठा झालास की कळेल' असे म्हणून विषय टाळू नये. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे, आणि दोघांनी मिळून योहानाचा विसावा अध्याय वाचावा.

वेदीजवळची पास्काची मेणबत्ती आपण पाहतच असाल. तिच्यावर क्रूस आहे, या वर्षाचे चार अंक आहेत, आणि प्रभूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे आहेत. याच मेणबत्तीवरून स्नानसंस्काराच्या वेळी मुलाची छोटी मेणबत्ती पेटवली जाते, आणि आपल्या माणसाच्या अंत्यविधीत शवपेटीजवळही हीच मेणबत्ती जळत असते. त्या मुलाला आम्ही हे दाखवले होते. पुढल्या रविवारी पहिली व दुसरीच्या मुलांना आम्ही मेणबत्तीपाशी नेऊन हे सारे दाखवणार आहोत. कृपया मुलांच्या स्नानसंस्काराची मेणबत्ती शोधून त्यांच्याबरोबर पाठवावी. सापडली नाही तर साधी पांढरी मेणबत्ती चालेल. आई-वडील आणि आजी-आजोबा सोबत आले तर मुलांना फार आनंद होईल. मिस्सा संपताच वेदीसमोर जमावे.

धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक