टॉर्क रेंच : निवड आणि वापर

सातारा-पंढरपूर रस्त्यावर माणगंगेच्या काठी वसलेल्या म्हसवडला वाहनांची वर्दळ बारमाही असते. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या वेळी ती वाढते. परंतु वाहनांची खरी कसोटी लागते ती दुष्काळात. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये माण देशी फाउंडेशनने येथे जनावरांची छावणी चालविली, तेव्हा चारा आणि पाणी ही दोन्ही बाहेरूनच आणावी लागत होती. अशा दिवसांत टँकरचे वा जीपचे इंजिन बंद पडले, तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही.

इंजिन फार तापले की हेड गॅस्केट जाते. नवे गॅस्केट घातले, हेड सपाट करून घेतले, आणि पंधरवड्यात रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे दिसू लागले, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो. अनेकदा तो बोल्ट आवळण्यात असतो.

बोल्ट ही वस्तुतः एक ताठ स्प्रिंगच होय. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने हेड खाली दाबून धरतो. ताण कमी पडला तर सिलिंडरमधील वायू वाट काढतो. अधिक झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, अॅल्युमिनियममधील आटे जातात. पंचवीस वर्षे हातात पाना धरलेला मिस्त्रीही येथे फसतो, आणि तो त्याच्या कौशल्याचा दोष नव्हे. पाना फिरविताना लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर बोल्टच्या डोक्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो. हाताला जाणवते ते मुख्यतः घर्षण. गंजलेला बोल्ट लवकर घट्ट वाटतो, पण आतून ढिला असतो.

टॉर्क म्हणजे वळविण्याचा जोर. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी २० किलोग्रॅमचा जोर लावला, तर १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. टॉर्क रेंच हा जोर मोजतो. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांना या हत्याराचे श्रेय दिले जाते. जमिनीखालील नळांच्या जोडांवरील बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत, ही त्यांची अडचण होती. म्हणजे याचा उगमही पाण्याच्याच कामात आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. काट्याच्या प्रकारात दांडी वाकते आणि काटा पट्टीवर आकडा दाखवितो. तो स्वस्त व टिकाऊ असतो, मात्र आकडा समोरून वाचता आला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात आकडा आधी लावून ठेवावयाचा. तेवढा जोर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो व हाताला झटका जाणवतो. इंजिनाच्या अडचणीच्या जागी हाच सोयीचा. मोटारीच्या कामासाठी अर्धा इंची चौकोनाचा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच बहुतेक ठिकाणी पुरतो. टॅपेट कव्हरच्या बारीक बोल्टांना मात्र १० न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो. त्यांना हा रेंच लावू नये, लहान घ्यावा. पंचायतीने वा शाळेच्या कार्यशाळेने खरेदी करताना रेंचसोबत तपासणीचा दाखला मागून घ्यावा.

आकडा किती लावावयाचा, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतच पाहावे. शेजारच्या गाडीचा आकडा चालत नाही. एककाकडेही लक्ष असावे. ६५ फूट-पौंड म्हणजे ८८ न्यूटन-मीटर. एकक न पाहता रेंच ६५ न्यूटन-मीटरवर लावला, तर बोल्ट पाऊण आवळलेलाही राहत नाही. आटे ब्रशने साफ करावेत. तेल लावावयाचे की कोरडे ठेवावयाचे, हेही पुस्तिका सांगते. कोरड्या बोल्टासाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टाला वापरला तर ताण फाजील होतो. हेडचे बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने, बहुधा मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. रेंच सावकाश ओढावा व ‘टक्’ झाली की थांबावे. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याची सवय फार जुनी आहे, आणि तीच घातक आहे. अलीकडच्या अनेक इंजिनांत थोड्या टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक अंशांतून फिरवावयाचा असतो. असे बोल्ट सहसा दुसऱ्यांदा वापरीत नाहीत.

बोल्ट सैल करण्यासाठी टॉर्क रेंच कधीही वापरू नये. काम संपल्यावर आकडा पट्टीवरील सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीतर आतील स्प्रिंग मरते. वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर त्याची तपासणी करून घ्यावी.

ढोबळ पडताळा शिक्षकांना विद्यार्थ्यांकडूनच करवून घेता येईल. रेंचचा चौकोन शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पक्का धरून दांडा आडवा ठेवावा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर मुठीवर २० किलोग्रॅम वजन हळूच टांगावे. हा टॉर्क ७८ न्यूटन-मीटरच्या थोडा वर भरतो, कारण दांड्याचे स्वतःचे वजनही त्यात मिळते. रेंच ७० वर लावला असता ‘टक्’ व्हावी, ९० वर लावला असता होऊ नये. याहून वेगळे घडले, तर तो रेंच दुरुस्तीला पाठवावा आणि तोवर कोणत्याही इंजिनाला लावू नये.