चेकला त्याच्या घरी पाठव

अगं, म्युनिकला जाऊन बसलीस तरी न्यू जर्सीचे चेक तुझ्या मागे येतायत, याचं मला नवल वाटत नाही. घर सोडलं की डिपॉझिटचा चेक, नोकरी सोडली की उरल्यासुरल्या हिशेबाचा चेक. एवढा पुढारलेला देश, पण पैसे परत करायची वेळ आली की कागद काढतो, सही करतो आणि पोस्टात टाकतो. वहिनीने तुझा निरोप सांगितला. माझी सगळी नोकरी बँकेच्या फॉरेन एक्स्चेंजमध्ये गेली, तेव्हा या कागदाचे नखरे मला पाठ आहेत. नीट ऐक.

पहिली गोष्ट, तो चेक घेऊन म्युनिकच्या बँकेत जाऊ नकोस. काउंटरवरची मुलगी तुझ्याकडे बघतच राहील. युरोपातला युरोचेक 2001 अखेर बंद झाला, तेव्हा ती शाळेतही जात नसेल. त्यांचे सगळे व्यवहार आयबान नंबरवर, खात्यातून खात्यात. आणि समजा एखाद्या बँकेने चेक घेतलाच, तरी ती तो वटवत नाही, कलेक्शनला पाठवते.

कलेक्शन म्हणजे काय, ते मी आयुष्यभर केलंय. चेक म्हणजे पैसे नव्हेत. तुझ्या घरमालकाने स्वतःच्या बँकेला लिहिलेला तो हुकूम आहे आणि तो फक्त तीच बँक पाळते. बाकीच्या बँका नुसत्या हमाल. आम्ही काय करायचो? पाठीमागे बँकेचा शिक्का, शेड्यूलमध्ये नोंद, मग सगळा गठ्ठा कुरिअरने न्यूयॉर्कला, जिथे आमच्या बँकेचं डॉलरचं खातं असायचं. त्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो. तिथून चेक मूळ बँकेकडे, तिने पैसे दिले की नॉस्ट्रोत जमा, मग आम्हाला निरोप, मग गिऱ्हाइकाच्या खात्यात. कित्येक आठवडे जायचे. मध्ये आमचं कमिशन, कुरिअरचा खर्च, शिवाय न्यूयॉर्कची बँक स्वतःचे डॉलर कापून घ्यायची ते वेगळेच. पन्नास डॉलरचा चेक घेऊन कोणी आलं की मी स्पष्ट सांगायचे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, फ्रेम करून भिंतीला लावा. जर्मनीतही गणित हेच, फक्त रुपयाच्या जागी युरो.

म्हणून चेक ज्या देशाचा, त्याच देशात वटवायचा. तुझं अमेरिकेतलं चेकिंग अकाउंट अजून चालू आहे ना? मग ते बंद करू नकोस. देश सोडणारी पोरं उत्साहाच्या भरात सगळं आवरतात आणि सगळ्यात आधी खातं बंद करतात. खातं शेवटी बंद करायचं, तेही दोन टॅक्स रिटर्न पार पडल्यावर. फक्त बँकेला पत्ता बदलल्याचं कळव आणि परदेशातला पत्ता त्यांना चालतो का ते विचार. प्रत्येक बँकेचा नियम निराळा असतो.

खातं असलं की काम फोनवर होतं. 2001 च्या सप्टेंबरात हल्ल्यानंतर अमेरिकेतली विमानं जमिनीवर राहिली, तेव्हा विमानांतून गावोगाव फिरणारे चेकचे गठ्ठेही अडकून पडले. त्यानंतर 2003 मध्ये तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर 2004 पासून लागू झाला. चेकच्या प्रतिमेवरून छापलेल्या पर्यायी कागदाला त्याने मूळ चेकइतकीच कायदेशीर किंमत दिली. कागदाने प्रवास करायची गरज उरली नाही. तू अॅपमध्ये फोटो काढून चेक भरतेस, ती सोय पुढे त्यातूनच उभी राहिली. तेव्हा म्युनिकच्या स्वयंपाकघरात बसून न्यू जर्सीचा चेक न्यू जर्सीच्या खात्यात भर.

अडचण अॅपची नसते, फोन नंबरची असते. बँक ओटीपी पाठवणार तो अमेरिकेतल्या नंबरवर, आणि तू तो नंबर सोडून दिलेला. स्वस्तातल्या स्वस्त प्लॅनवर का होईना, जुना नंबर जिवंत ठेव. इंटरनेटवरचे फुकट नंबर काही बँकांना चालत नाहीत. काही अॅप परदेशातून उघडतच नाहीत, काहींची दिवसाची मर्यादा छोटी असते. हे सगळं चेक हातात येण्याआधी तपासायचं.

आता कागद हाताळायची रीत. आपल्याकडे चेकला टाचणी लावायची, घडी घालून पाकिटात कोंबायची खोड आहे. तसं करू नकोस. खालच्या बाजूला चुंबकीय शाईत छापलेले विचित्र आकडे दिसतात ना, त्या ओळीवर घडी नको, डाग नको, पेन नको. त्यातले नऊ आकडे म्हणजे रूटिंग नंबर. आपल्या चेकवरचा एमआयसीआर कोडही नऊ आकडीच असतो, पण त्याची रचना वेगळी: पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे.

कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारायची आपली सवय विसर. क्रॉसिंग आपल्याकडे चालतं, इंग्लंडात चालतं, अमेरिकेच्या कायद्यात त्याला अर्थच नाही. तिथे सुरक्षितता चेकच्या पाठीवर असते. मागे नुसती सही करून ठेवलीस तर तो चेक ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो. म्हणून भरण्याच्या क्षणापर्यंत सही करायची नाही आणि करशील तेव्हा वर लिहायचं, ‘फॉर डिपॉझिट ओन्ली’ आणि खाते क्रमांक. फोनवरून भरत असशील तर ‘फॉर मोबाइल डिपॉझिट ओन्ली’ आणि पुढे बँकेचं नाव. बँक जसं सांगेल अगदी तसंच.

नावाचा घोळ आपल्या लोकांचा नेहमीचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, लग्नानंतरचं आडनाव कुठे आहे, कुठे नाही, आणि अमेरिकन कारकुनाने त्यातली दोन अक्षरं गाळलेली. स्पेलिंग चुकलं असेल तर चेकवर जसं आहे तशी एक सही आणि खाली खऱ्या नावाची दुसरी. तिथला कायदा हे मान्य करतो. पण तुझ्या डिपॉझिटच्या चेकवर मात्र तुझं आणि तुझ्या रूममेटचं, दोघींची नावं असतील, कारण भाडेकरार दोघींचा होता. दोन नावांच्या मध्ये ‘ऑर’ असेल तर कोणीही एकीने भरावा. ‘अँड’ असेल तर दोघींच्या सह्या लागतात, आणि फोटोवरून असा चेक कित्येक बँका घेत नाहीत. रूममेट आता टेक्सासला ना? मग तो कागद आधी तिच्याकडे जाणार. त्यापेक्षा घरमालकाला आजच लिही, की चेक रद्द करा आणि दोघींचे दोन वेगळे द्या. न्यू जर्सीत घर सोडल्यापासून तीस दिवसांत डिपॉझिट परत करावं लागतं, त्यामुळे त्यालाही घाई असते. आणि बँकेतून बँकेत पाठवायला तयार असेल तर उत्तमच. चेक नकोच म्हणावं.

तारीख वाचताना सांभाळ. 03/04 म्हणजे आपल्यासाठी तीन एप्रिल, त्यांच्यासाठी चार मार्च. आकड्यात आणि अक्षरात रक्कम वेगळी निघाली तर अक्षरातली धरतात, इथेही आणि तिथेही. साधा अमेरिकन चेक सहा महिन्यांहून जुना झाला की तो द्यायचं बंधन बँकेवर राहत नाही. सरकारी खजिन्याचा चेक मात्र वर्षभर चालतो. टॅक्सचा परतावा अशा चेकने यायचा, पण 2025 च्या मार्चमध्ये निघालेल्या आदेशानंतर तिथलं सरकार कागदी चेक मोडीत काढतंय. म्हणजे रिटर्न भरताना खाते क्रमांक द्यायचाच. खातं बंद करू नको म्हणते ते यासाठीही.

निवृत्ती खात्याचा चेक आला आणि त्यावर नव्या कंपनीचं नाव, मग ‘एफबीओ’, म्हणजे ‘फॉर बेनिफिट ऑफ’, आणि पुढे तुझं नाव असेल, तर तो तुझा नाही. तो त्या कंपनीकडे जायचा. स्वतःच्या खात्यात टाकायला जाऊ नकोस.

आता जे मी काउंटरवर बसून सगळ्यात जास्त वेळा सांगितलं ते. खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं समजायचं नाही. अमेरिकन बँक नियमाप्रमाणे दोन-चार दिवसांत पैसे वापरायला देते, पण ते स्वतःच्या भरवशावर. चेक खोटा निघाला तर कित्येक दिवसांनीसुद्धा ती रक्कम तुझ्याच खात्यातून परत घेते. सगळी ठकबाजी याच फटीतून चालते. तू तिथलं फर्निचर विकायला काढलंस, गिऱ्हाईक जास्त रकमेचा चेक पाठवतं आणि म्हणतं, चुकून जास्त गेले, वरचे पैसे ट्रकवाल्याला पाठवा. चेक छापील, सुबक, कधी तर बँकेचा कॅशियर्स चेक. खात्यात रक्कम दिसते, तू भल्या मनाने वरचे पाठवतेस, आणि मग चेक परत येतो. परदेशात असलेला माणूस त्यांना फार सोयीचा, कारण तो शाखेत जाऊन विचारू शकत नाही. जास्तीची रक्कम परत मागणारा माणूस भेटला की चेक भरायचाच नाही. इथे विचार करत बसू नकोस.

चेक फोनवरून भरला तरी कागद फाडू नकोस. रक्कम पक्की होईपर्यंत ठेव, त्यावर ‘भरला’ असं लिही म्हणजे घरातलं दुसरं कोणी पुन्हा भरणार नाही. एकच चेक दोनदा गेला की बँक संशयाने बघते आणि मग खातं गोठतं.

आणि खातं खरंच बंद केलं असशील तर? ऑनलाइन कंपन्या डॉलरचं खातं देतात, रूटिंग नंबरही देतात, पण कागदी चेक तिथे बहुधा चालत नाही. मैत्रिणीच्या नावे पाठीमागे सही करून द्यायचं म्हणशील, तर असे तिसऱ्याचे चेक बँका नाकारतात. देणाऱ्यालाच गाठ आणि चेक रद्द करून वायर मागव.

दादा म्हणेल, इकडे पाठव, पुण्याच्या खात्यात टाकू. त्याचं ऐकू नकोस. चेक तुझ्या नावाचा, त्याच्या खात्यात जाणार नाही. तुझ्या एनआरई खात्यात नियमाने जाऊ शकतो, पण इथल्या अनेक बँकांनी परदेशी चेक घेणं सोडलंय. आणि घेतला तरी मी वर सांगितलं ते सगळं चक्र, वर पैसे येतील त्या दिवसाचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो भाव, जो पेपरात छापतात त्याहून कमीच असतो. रक्कम फार मोठी असली आणि दुसरा मार्गच नसला, तर मला फोन कर, बघू.

उलट इथून तुझ्या नावाने येणारे रुपयातले चेक, विम्याचे, डिव्हिडंडचे, ते म्युनिकला मागवू नकोस. आपल्याकडे 2012 पासून चेकची मुदत तीनच महिने आहे, आणि त्यातले दोन आठवडे टपालातच जायचे. ते दादाकडे येऊ देत. तुझ्या एनआरओ खात्याचा नंबर लिहून स्लिप भरायला त्याला कोणी अडवत नाही. फक्त त्याला म्हणावं, चेकवर स्वतःच्या हाताने काही दुरुस्त करायला जाऊ नको.