रजोनिवृत्ती, संप्रेरके आणि सामान्य दवाखान्यातील संशोधन

रजोनिवृत्ती हा स्त्रीच्या आयुष्यातील एक नैसर्गिक टप्पा होय. साधारणतः पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात बीजांडकोशांचे कार्य मंदावते, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि मासिक पाळी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी, तर भारतात त्याहून काही वर्षे आधी घडते. अंगातून अकस्मात गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री दरदरून घाम येणे, झोपमोड, योनिमार्गाची कोरड आणि कालांतराने हाडांचा ठिसूळपणा या तक्रारी त्यातून उद्भवतात. ‘वयोमानाने हे व्हायचेच’ असे म्हणून आपल्याकडील अनेक भगिनी त्या मुकाट्याने सोसतात.

उपचाराचा उगम

घटलेले संप्रेरक औषधरूपाने द्यावे, हा विचार जुना आहे. गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळविलेल्या इस्ट्रोजेनला अमेरिकेत १९४२ साली मान्यता मिळाली. १९७५ मध्ये असे दिसून आले की, केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अधिक प्रमाणात आढळतो. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीने प्रोजेस्टोजेनही देण्याची पद्धत रूढ झाली.

याच काळात आणखी एक आशा बळावली. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या विशाल पाहणीत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी आढळला. मग तक्रार नसलेल्या स्त्रियांनाही हृदयरक्षणासाठी हे औषध वर्षानुवर्षे दिले जाऊ लागले.

निरीक्षण आणि प्रयोग

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक होते. औषधामुळे या स्त्रिया निरोगी राहिल्या, की मुळात निरोगी, सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या स्त्रियाच हे औषध घेत होत्या? केवळ निरीक्षणाने याचा उलगडा होत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट पाडावे लागतात. एका गटास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली जाते आणि कोणाला काय मिळाले, हे रुग्णास व डॉक्टरांस ठाऊक नसते.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना एकंदरीत कोणताही लाभ झाला नाही. त्यानंतर ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी प्रयोगातील १६,६०८ स्त्रियांचा संयुक्त संप्रेरकांचा भाग जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. कारण लाभापेक्षा हानी अधिक दिसू लागली होती.

सामान्य दवाखान्यांचा वाटा

असे संशोधन केवळ मोठ्या संस्थांतच होते, हा समज खरा नाही. ब्रिटनमध्ये सौम्य रक्तदाबावरील उपचारांचा प्रयोग मुख्यतः सामान्य व्यावसायिकांच्या दवाखान्यांतून झाला. त्यात १७,३५४ रुग्ण सहभागी झाले आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच परंपरेतून ‘विज्डम’ हा संप्रेरकांवरील प्रयोग १९९९ मध्ये सुरू झाला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४९९ दवाखान्यांतून ५,६९२ स्त्रिया त्यात सामील झाल्या. अमेरिकी निष्कर्षांनंतर २००२ मध्ये तोही थांबला. तरीही त्याने दोन गोष्टी दाखविल्या : या वयोवृद्ध गटात संयुक्त संप्रेरकांमुळे शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचे प्रमाण वाढले, मात्र गरम वाफा, झोप इत्यादी तक्रारींत स्पष्ट सुधारणा झाली.

आकडे कसे वाचावेत

२००२ नंतर ‘स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ’ ही बातमी जगभर पसरली. तिचा अर्थ असा : औषध न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाकाठी ३०, तर घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत ३८ जणींना हा रोग झाला. वाढ खरी होती, पण ती दहा हजारांत आठ इतकी होती. उलटपक्षी, खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आले. बातमीच्या धास्तीने असंख्य स्त्रियांनी औषध सोडले. त्यांत खरोखर गरज असलेल्याही होत्या. ‘सर्वांनी घ्यावे’ हा आग्रह जसा चुकीचा ठरला, तशीच ‘कोणीच घेऊ नये’ ही भीतीही.

आजची समज

अमेरिकी प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पुढील विश्लेषणांतून वयाचे महत्त्व ध्यानात आले. साठ वर्षांच्या आतील अथवा रजोनिवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या, तीव्र तक्रारी असलेल्या निरोगी स्त्रीसाठी लाभाचे पारडे बहुधा जड असते. याच प्रयोगाच्या २०१७ मधील अहवालात, १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, एकूण मृत्युदरात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तथापि केवळ हृदयरक्षणासाठी हे औषध देऊ नये, हा धडा कायम आहे.

स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वा यकृताचा गंभीर विकार झालेल्या स्त्रीने सामान्यतः ही औषधे टाळावीत. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास, तो थेंबभर असला तरी, तपासणी अवश्य करावी.

आपल्या राज्याशी निगडित असा एक मुद्दा येथे नमूद करावासा वाटतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांवर तरुण वयातच झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. अशा वेळी बीजांडकोशही काढले गेले, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे व हृदय यांची हानी लवकर सुरू होते. अशा स्त्रियांसाठी संप्रेरक उपचाराचा विचार नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत आवर्जून करावा लागतो.

कुटुंबीयांस विनंती की, घरातील आई, पत्नी वा भगिनीची झोप उडाली असेल, तर तिला ‘सोसून घे’ म्हणू नये. तिच्यासमवेत डॉक्टरांकडे यावे. आणि देणगीदार व विश्वस्तांस एवढेच निवेदन की, ‘या औषधाने हृदयाचे रक्षण होत नाही’ हे उत्तर मिळविण्यासाठी हजारो स्त्रियांनी आपली वर्षे दिली. नकारार्थी उत्तरासाठी खर्च झालेला पैसा व्यर्थ जात नाही. पुढच्या पिढीतील निरोगी स्त्रियांना अनावश्यक गोळीपासून तोच वाचवितो.