आरोग्यपाठ : लठ्ठपणा आणि फ्लूची लस



पावसाळा जवळ आला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर जाणाऱ्या सेवकांची तयारी सुरू होते. छत्री, औषधांची पेटी, शिधा सारे आठवते. स्वतःची फ्लूची लस मात्र राहून जाते. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी तर ती विसरू नये.

२००९ साली स्वाईन फ्लूची जागतिक साथ आली. भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या साथीत अतिदक्षता विभागात दाखल झालेल्यांत लठ्ठ रुग्ण बरेच आढळले. पोटावरील चरबीमुळे फुप्फुसे पुरेशी फुगत नाहीत. शिवाय चरबीमुळे शरीरात सतत सौम्य दाह राहतो आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

आपले वजन कसे पाहावे? किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी २५ किंवा अधिक आकडा म्हणजे लठ्ठपणा. १६० सेंटीमीटर उंचीला तो ६४ किलोपासून सुरू होतो. आकडा वाढेल तसा फ्लूचा धोकाही वाढतो; ४० च्या पुढे तो फारच मोठा असतो.

लस घेतली की फ्लू होतच नाही, असे नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील २०१७ च्या अभ्यासात लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांना फ्लू किंवा तशा आजाराचा धोका लस घेतलेल्या योग्य वजनाच्या प्रौढांच्या दुप्पट आढळला. म्हणून लस निरुपयोगी ठरत नाही. ती घ्यावी आणि सोबत काळजीही घ्यावी.

ही काळजी केवळ स्वतःसाठी नाही. निकाराग्वा देशातील २०१८ च्या अभ्यासात फ्लूची लक्षणे असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून विषाणू अधिक दिवस बाहेर पडत राहिल्याचे दिसले. पाड्यावरील कुपोषित बालकाला हा संसर्ग महागात पडू शकतो. सहा महिन्यांखालील बाळाला तर ही लस देताच येत नाही.

काय करावे?

१. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस घ्यावी. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

२. मधुमेह, रक्तदाब किंवा पूर्वी लसीचा तीव्र त्रास झाला असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

३. दंड जाड असल्यास लांब सुई लागते, म्हणजे लस स्नायूपर्यंत पोहोचते. नर्सताईंना न लाजता विचारावे.

४. ताप-खोकला असताना पाड्यावर जाऊ नये. धाप लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कोणाच्या वजनाची थट्टा होते, तिथे तो माणूस दवाखान्यात जायलाही संकोचतो. आपल्या मंडळीत असे होऊ नये.

चर्चेसाठी : आपल्या गटातील कोणाची लस राहिली आहे? त्यांच्यासोबत दवाखान्यात कोण जाईल?