बोटीच्या मोटारीतले रबराचे चाक

वाचन : लूक १६:१०



बोटीला मोटार मिळाली, आता दरवर्षी काय लागते, असे काही मंडळ्यांनी विचारले होते. पेट्रोल लागते हे सर्वांना ठाऊक आहे. आज मी इंपेलर या रबराच्या लहानशा चाकाविषयी लिहितो. पाठ बोटीवरच्या आपल्या तरुणांसाठी आहे, पण दात्यांनीही वाचावा.

सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या नर्मदाकाठच्या गावांत शिरले, तेव्हापासून कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता आहे. २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. उन्हाळ्यात पाणी उतरते, काठावर गाळ उरतो आणि बोट त्या गाळातूनच काढावी लागते. रबर झिजवायला हा गाळ पुरेसा आहे.

बोटीची मोटार नदीच्याच पाण्याने थंड होते. मोटारीच्या खालच्या पायात, पंख्याच्या वरच्या बाजूला, इंपेलर फिरतो आणि आपल्या पाकळ्यांनी पाणी वर ढकलतो. त्यातले थोडे पाणी मागच्या बाजूच्या छिद्रातून बारीक धारेने बाहेर पडते. ही धार हीच मोटारीची नाडी. धार नसेल तर मोटार ताबडतोब बंद करावी. आधी छिद्रात तार घालून पाहावी, कारण कधी नुसती माती अडकलेली असते.

ईस्टरच्या सुमारास आमच्या बोटचालक भावाने मला सांगितले होते, "दादा, धार बारीक झाली." मी म्हणालो, दिवाळीपर्यंत चालवू. हिशेबात पैसे वाचत होते. पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला घेऊन निघालो आणि मधल्या पाण्यात धार थांबली, मोटारीतून वाफ येऊ लागली. पुढे वल्ह्यांवरच जावे लागले. दाई बरोबर होती. बाळ बोटीतच जन्मले, दोघेही सुखरूप राहिले. त्यात माझ्या हिशेबाचा काही वाटा नव्हता. वर दिलेले वचन मी कितीतरी वेळा शिकवले आहे.

आता काम. प्रथम स्पार्क प्लगची वायर काढा, म्हणजे हात आत असताना मोटार सुरू होणार नाही. गिअरचा दांडा जिथे जोडलेला असतो तिथून सोडवा, मग बोल्ट काढून खालचा पाय सरळ खाली ओढा. दोघे जण हवेत, कारण तो जड असतो. उभ्या दांड्यावर पंपाचे घर दिसेल. त्याचे बोल्ट खोला, घर वर उचला, जुना इंपेलर काढा. त्याला धरून ठेवणारी छोटी चावी असते, ती गाळात पडली तर दिवस जातो. खाली कापड अंथरा.

जुन्या चाकाच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा वर नळीत गेला आहे असे समजा आणि तो शोधा. नाहीतर नवे चाक बसवूनही मोटार तापेल. घराच्या आतल्या भिंतीवर आणि खालच्या पत्र्यावर खोल ओरखडे असतील तर तेही बदला. गॅस्केट नेहमी नवे.

नवे चाक साबणाच्या पाण्याने ओले करा. घर खाली दाबताना दांडा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे पाकळ्या नीट वळतात. बहुतेक मोटारींत हीच दिशा असते, तरी पुस्तिका पाहावी. पाय परत चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी कड्यात बसली की नाही हे बोटाने चाचपा. आमची पहिल्यांदा चुकली होती, आणि सगळे पुन्हा खोलावे लागले.

मोटार पिंपातल्या पाण्यात सुरू करा. कोरडी कधीही नको, थोड्याच सेकंदांत नवे रबर जळते. धार यायला थोडा वेळ लागतो, तोवर डोळे छिद्रावर ठेवा.

यापुढे दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, आम्ही मोटार खोलणार आहोत. बदलण्याचा एक संच पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. दुसऱ्या बोटीसाठी अजून घ्यायचा आहे.