जमिनीची ओल आणि पुराचा अंदाज



“पाऊस तर गेल्या वेळेएवढाच, मग या खेपेला पूर कसा आला?” असे मंडळीतले लोक मला बरेचदा विचारतात. उत्तर पुष्कळसे पायाखालच्या मातीत आहे.

घरी करून पाहा. दोन कुंड्या घ्या. एकीतली माती कोरडसर, दुसरीतली रात्री भिजवलेली. दोन्हींत तांब्याभर पाणी ओता. पहिली ते पिऊन टाकते, दुसरीच्या बुडातून लगेच धार लागते. (उन्हाने कडक झालेली माती सुरुवातीला पाणी झिडकारते, तो भाग वेगळा.) खोऱ्याचेही असेच. समजा, 100 मिलिमीटर पाऊस पडला. जूनमधल्या जमिनीने 60 मुरवला, तर 40 ओढ्याला जातो. ऑगस्टमधल्या भरलेल्या जमिनीने 10च मुरवला, तर 90 जातो. पाऊस तोच, पण नदीत दुपटीहून अधिक पाणी.

शेतकरी ओल हाताने पाहतो, वाफसा ओळखतो. पण अख्खे खोरे कोण उकरणार? त्यासाठी युरोपने 2009 मध्ये ‘स्मॉस’ आणि नासाने जानेवारी 2015 मध्ये ‘स्मॅप’ हा उपग्रह सोडला. जमिनीतून अतिशय मंद सूक्ष्मलहरी सतत निघत असतात. माती ओली असली की त्या कमी होतात. ढगांचा त्यांना अडथळा नाही, म्हणून भर पावसाळ्यातही मोजणी चालते. स्मॅप दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळी पृथ्वी पाहून होतो. पुराचे गणित करणारा संगणक पडलेल्या पावसावरून ओलीचा हिशेब ठेवतो. तो चुकत गेला की उपग्रहाच्या मोजणीने दुरुस्त करता येतो, तोही पुढचा पाऊस येण्याआधी.

मात्र ही नजर वरच्या 5 सेंटिमीटरपुरतीच, म्हणजे जेमतेम तीन बोटे. खालची ओल गणितानेच काढावी लागते. शिवाय एक मोजणी म्हणजे सुमारे 40 किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी, आणि दाट जंगलाखालचे नीट कळत नाही. आमच्या भामरागडकडे तर सगळे जंगलच!

तरीही मला यात आशा वाटते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती चढली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते, पूल बुडतो आणि पलीकडची गावे तुटतात. इंद्रावती येते ओडिशातल्या कालाहांडीतून, बस्तरमधून. म्हणजे आमच्याकडे ऊन असतानाही पूर येऊ शकतो. बस्तरची उघडी शेते किती भिजली आहेत हे उपग्रहाला जंगलापेक्षा बरे दिसते (भाताच्या खाचरातले उभे पाणी तेवढे गोंधळात टाकते). दिवस भरत आलेल्या बाईला पूल बुडण्याआधी दवाखान्याजवळ आणायचे, तर एक दिवस आधी कळणे फार मोठे आहे.

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ गेला. त्याची नजर कितीतरी बारीक आहे, पण तो त्याच वाटेवर 12 दिवसांनी परततो. पूर तेवढा थांबत नाही. म्हणून पर्जन्यमापक हवेत, नदीकाठी पातळी वाचणारा माणूस हवा, आणि शेवटचा निरोप पाड्यावर माडियातूनच जायला हवा: जमीन भरली आहे, धान्य माळ्यावर चढवा.